नारूचा फुगा

नारू, कावळा लगेच शिवला.

किती लगेच? तुझ्या बापानं पिंड ठेवून हात मागे घेतला नाही, तोवर तो काळा वरून उतरला आणि भात घेऊन झाडीत पसार. सगळे म्हणाले, सुटला पोरगा, कसलीच इच्छा मागे राहिली नाही. भटजींनी पळी खाली ठेवली, त्यांना पुढे डोंबिवलीला दुसरं काम होतं. आणि मी तिथं खाडीच्या काठावर उन्हात उभा, हात जोडलेले, तोंड उघडं. मला राग आला रे. इतका की त्या कावळ्याला ढेकूळ मारावंसं वाटलं.

मी तयारी करून गेलेलो. कल्याणहून चालत जाताना सगळं पाठ केलेलं. कावळा येणारच नाही अशी माझी खात्री होती. मग लोक एकेक करून पुढे होतात ना, पिंडाकडे बघून म्हणतात, आईला सांभाळतो रे, बहिणीला अंतर देत नाही रे, तसा मी पुढे होणार होतो. सगळ्यांच्या देखत म्हणणार होतो, 'नारू, बाजारात तुझ्या नावानं जे बोलतात ते मी बंद करून दाखवतो. आता जा.' आणि मग कावळा यायला हवा होता. असं ठरलेलं माझं. तू जिवंतपणी कधी माझं ठरलेलं होऊ दिलं नाहीस, आता तरी का होऊ देशील?

म्हणजे काही इच्छाच नव्हती तुझी? ते 'नारूचा फुगा' तुला लागलंच नव्हतं?

मला लागलेलं. शिंप्यानं सदरा वेळेत दिला नाही, नारूचा फुगा. आभाळ भरून आलं नि नुसतंच निघून गेलं, नारूचा फुगा. कुणाची सोयरीक मोडली की पोरीच्या बापाला ऐकू जाईल अशा बेतानं, नारूचा फुगा. शाळेतली शेंबडी पोरं, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, ती पाढे अडलेल्या पोराला म्हणतात, बसला बघ नारूचा फुगा. अरे, जिवंत माणसाचं नाव होतं ते! तू त्याच बाजारातून मान खाली घालून जायचास, गूळ घ्यायचास नि हसायचास. का हसायचास? मी विचारलं तर म्हणालास, 'नाव चाललंय रे बाजारात, कुणाचं चालतं असं?'

आणि तू गेल्याची बातमी बाजारात आली तेव्हा मी कापडवाल्याच्या ओट्यापाशी उभा होतो. हातात राळेची पुडी. आपण दिवाळीत आभाळात सोडतो त्या कागदी फुग्याच्या पलित्यासाठी घेतलेली. ओट्यावर तुझ्या गावाकडच्या त्या मिठागरवाल्या शेटचे दिवाणजी बसलेले. तळहातावर तंबाखू मळत नाकातून म्हणाले, 'गेला का? अरेरे. शेवटी नारूचाच फुगा झाला म्हणायचा.' आणि तंबाखू तोंडात टाकली.

लोक हसले नारू. सगळे नाही. पण हसले.

त्या दिवाणजींची नक्कल मी गावात सगळ्यांत भारी करतो, तुला माहीत आहे. नाक दाबायचं, 'ण' लांबवायचा, नि वाक्य संपलं की चिमूट झाडायची. लोक पोट धरतात. पण त्यांचं ते 'नारूचा फुगा' मी कधी केलं नाही. लोकांनी गळ घातली, 'विठ्या, ते फुग्याचं कर ना.' नाही केलं.

नकलेवरून आठवलं. मला सगळे जमायचे. पंतोजी जमायचे, स्टेशनातला पारशी मास्तर जमायचा, तुझा बापूस खाडीतून हाक मारतो ती जमायची. तू एक जमायचा नाहीस. मी शंभरदा करून बघितला असेल. तू डोकं हलवून म्हणायचास, 'नाय. हा मी नाय. हा कुणीतरी सर्दी झालेला आहे.' आणि वर, 'सगळे जमतील तुला, मी नाय जमनार.' काय ती घमेंड! जसा काही तू लाटसाहेबच.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, त्याचाही राग आहे. मी चुलीवर फुगा चिकटवायची चिंचोक्याची खळ ढवळायचो, तू कागदाच्या पाकळ्या कापायचास, नि वाद चालायचा, या फुग्याच्या बोली आल्या कुठून? पंतोजींनी शाळेत सांगितलेलं, सगळं संस्कृतातून येतं. तू म्हणालास, 'सगळं खाडीतून येतं.' रुसलेला माणूस फुगून बसतो, ते कुठून? मी म्हणालो, आपल्या फुग्यावरून. तू म्हणालास, 'आपला फुगा कालचा. तू केंड मासा बघितलास का कधी? जाळ्यात आला नि हात लावला की टम्म फुगतो नि पोट वर करून बसतो. काही म्हणजे काही बोलत नाय. तुझी आई रुसते तेव्हा बघ.' मी तुला ओली खळ फेकून मारलेली. बरोबर डोक्यावर.

मग भ्रमाचा भोपळा फुटतो, ते? त्यावर तर तू उभाच राहिलास. म्हणालास, फुगा नाही, भोपळाच का, ते विचार. कारण पोहायला शिकणारं पोर कमरेला वाळका भोपळा बांधून खाडीत उतरतं. त्याला वाटतं आपण तरतोय. भोपळ्याला चीर गेली की मग कळतं कोण तरत होतं. मी म्हणालो, हे तू आत्ता रचलंस. तू म्हणालास, 'रचलं तर रचलं, बुडालोय मी त्यानं.' आणि कानात वारं शिरतं ते वासराचं, हवा भरतात ती लोहाराच्या भात्याची. एक बोली तू माझ्या फुग्याला मिळू दिली नाहीस.

शेवटी मी वाऱ्यावर सोडणं काढलं. म्हटलं हे तरी आपलं आहे ना? पलिता पेटवायचा, फुगा भरायचा, नि वाऱ्यावर सोडायचा. तू कात्री खाली ठेवलीस. म्हणालास, 'फुगा वाऱ्यावर सोडत नाय विठ्या. वारा बघून सोडतात. वाऱ्यावर सोडतात ते वेगळं.' मी म्हणालो मग ते कशावरून? तू म्हणालास, 'उद्या सांगतो.' आता सांग! आता सांग ना मला ते कशावरून आलं!

तुला तो मुंबईचा साहेब आठवतो? गोरा, मिशीवाला, भल्या मोठ्या रेशमी फुग्याला लटकून आभाळात जाणार होता. आपण गूळपोळ्या बांधून आगगाडीनं गेलेलो. दुपारभर उन्हात उभे. फुगा भरला, डुलायला लागला, पब्लिक ओरडतंय, आणि साहेब आपला वर बघतोय, झेंड्याकडे बघतोय, नि मान हलवतोय. शेवटी म्हणाला आज नाही. लोकांनी काय शिव्या घातल्या! फुसका, फुसका म्हणून ढेकळं मारली. येताना गाडीत एक जण बायकोला म्हणत होता, 'तुझ्या भावाचं सगळं साहेबाच्या फुग्यासारखं.' मी लगेच ती बोली उचलली, साहेबाची मान हलवून दाखवली, अख्खा डबा हसला. तू हसला नाहीस. म्हणालास, 'त्या गर्दीत एक माणूस शहाणा होता, नि तुम्ही त्यालाच ढेकळं मारलीत.' मला वाटलं तू पोळ्या संपल्या म्हणून चिडलायस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कसं कळणार? तू कधी काही नीट सांगितलंयस?

गेल्या वर्षीच्या वैशाखातलं ते शेटच्या पोरीचं लग्न. आगराच्या कडेच्या वाडीत मांडव, पलीकडे लगेच तुझं गाव. आपला सगळ्यांत मोठा फुगा, लाल नि पांढऱ्या पाकळ्यांचा. दिवेलागणीची वेळ. मी शिडीवर, फुग्याचं डोकं धरून. तू खाली, तोंडाशी, कामटीच्या कड्यापाशी, पलिता पेटवलेला. कागद हळूहळू भरत गेला, माझ्या हातांत तट्ट झाला. तू मला शिकवलेलं, फुगा स्वतः ओढायला लागेपर्यंत सोडायचं नाही. तो ओढायला लागला. वासरू दाव्याला ओढतं तसा. माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. ते तुझ्यामुळे कळलं मला, कागदाला जीव येतो ते. ते तुझं देणं आहे, नाही म्हणत नाही.

खालून दिवाणजी, 'सोडा, सोडा, वरात खोळंबलीय.'

तू म्हणालास, 'जरा थांबा. वारा फिरतोय.'

शेट म्हणाले, 'सोड रे! भितोस काय?' मग पुन्हा, जरा वरच्या आवाजात, 'सोड म्हणतो ना!'

मला वरून दिसत होता फक्त लाल-पांढरा कागद. आणि एकदम तो माझ्या हातांत ढिला पडला. तोंडावर धूर आला. सगळा फुगा माझ्या डोक्यावरून ओल्या धोतरासारखा खाली. मी शिडीवर आंधळा, खोकतोय, नि मांडवभर हशा. आणि त्या हशातून तुझा आवाज, सरळ, 'खळ सुटली, शेट.'

मग दिवाणजींचं नाक, 'नारूचा फुगा! फुगला, फुगला नि बसला!'

तिथून ती बोली निघाली. केंडावरून नाही, भोपळ्यावरून नाही, संस्कृतातून तर नाहीच. त्या शिडीखालून.

पण नाव तुझं लागलं तरी लाज माझी होती, कळतंय का? खळ माझी होती! परत येताना मी तुला विचारलं, 'चिंचोके जुने होते का रे?' तू म्हणालास, 'असतील.' असतील! तुझ्या तळव्याला केळीचं पान बांधलेलं, पलित्यानं भाजलं म्हणालास. मी ते पान धरून तुझी माफी मागितली, आठवतं? तू म्हणालास, 'खळ आहे, सुटते कधी कधी.' त्यानंतर मी वेड्यासारखा खळीच्या मागे लागलो. चिंचोके जास्त भाजून बघितले, कमी भाजून बघितले, रात्रभर भिजवले, मोरचूद घातला. चिकटवलेल्या कागदाला दगड टांगून बघायचो सुटतो का. तू समोर बसून बघायचास. म्हणायचास, 'पुरे रे, घट्ट आहे, पुरे.' मला वाटायचं माझी समजूत काढतोयस.

मग हे नवरात्रातलं उधाण. शेटच्या आगराचा बांध फुटला आणि तू पाण्यात उतरलास. का? बांध शेटचा, आगर शेटचं. दिवाणजी कोरड्या पायांनी उभे होते म्हणे. तुझा बापूस म्हणाला, बांधामागं गावाचं भात उभं होतं, खारं पाणी शिरलं असतं तर गेलं असतं. मग गावाला बोलवायचं होतंस! उतरलेही म्हणे सगळे, पण तू आधी, नि निघालास शेवटी. तापानं फणफणलास. मी भेटायला आलो तर काय बोललास? 'कागद आणलास?' मी म्हणालो, आणला. 'हिरवा?' हिरवा मिळाला नाही रे. 'मग काय आणलंस, डोंबल?' आणि भिंतीकडे तोंड करून फुगून बसलास, तुझ्या त्या केंडासारखा. हे आपलं शेवटचं बोलणं. हिरव्या कागदावरून. मला वाटलं, उद्या येतो तेव्हा उतरला असेल राग.

आता ऐक, खरा राग कशाचा आहे ते.

कावळा गेल्यावर सगळे चिंचेखाली जेवायला बसले. तुझी आते वाढत होती. माझ्यापाशी थांबली. 'कल्यानवाला ना तू? खल करनारा?'

मी मान खाली घातली. म्हटलं, हो आते. माझीच खळ सुटली त्या दिवशी.

ती बघतच राहिली. 'कोन बोलला खल सुटली?'

'नारूच बोलला.'

'खोटा बोलला,' ती म्हणाली. 'मी वईपाशी, कुंपनाला उबी होतू. त्यानी आपले हातान फोरला तो फुगा. पयले बोट घातला, मंग सगला हात. नि पलिता धरून चिकलान दाबला. वारा आमचे गावावर फिरला व्हता. घराघरापाशी पेंढा, छपरां गवताची. सगला गाव जलला असता त्या दिशी.'

माझ्या हातातला घास तसाच राहिला. म्हटलं, 'मग बोलला का नाही?'

'कोनाला बोलल? शेट बोलला सोर, यानी नाय सोरला. बयनीचा नवरा शेटचे आगरान कामाला. दुसरे दिशी त्याला कारला असता.'

'मला तरी सांगायचं!'

त्यावर ती हसली नारू, त्या दिवशी, तिथं, डोळे सुजलेले असताना हसली. 'तुला? तुझे पोटान रायला असता? तू त शेटचे आवाजान सगले बाजारान बोंबलला असतास.'

मग पुढच्या पानावर वाढता वाढता म्हणाली, 'आमचे गावान दोन भाव भांडले ना, त म्हातारे बोलतान, नारूसारखा फोर रे तो फुगा, घर जलाचे आदी. तुमचे बाजारान काय बोलतान मना ठाव नाय.' आणि जाताना, 'आता बोल कोनाला बोलाचा तो. जावई रेल्वेन लागला. आता कोनाला भ्याचा?'

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. पोराटोरांना माहीत होतं. एक मला नाही! मी दगड टांगत बसलो नि तू बघत बसलास! पुरे रे, घट्ट आहे म्हणालास, कारण तुला माहीत होतं घट्ट आहे! तुझ्या भाजलेल्या हाताबद्दल मी माफी मागितली, नि तू ती घेतलीस! विश्वास नव्हता तर सरळ सांगायचं होतंस, विठ्या तुझं तोंड फुटकं आहे. मी शिव्या दिल्या असत्या, आणि नंतर गप्प बसलो असतो. बसलो असतो रे. तुझ्यासाठी बसलो असतो. तू मला एकदा सांगून तर बघायचं होतंस.

मी जेवलो नाही. तसाच उठून कल्याणला चालत आलो, वाटभर तुला शिव्या देत. एका बैलगाडीवाल्यानं विचारलं, कुणाशी भांडतोयस? म्हटलं, मित्राशी. तो मागं बघायला लागला.

बाजारात आलो तर कापडवाल्याच्या ओट्यावर तेच. दिवाणजी, तंबाखू, चार टाळकी. शिंपी कोट उद्या देतो म्हणत होता. दिवाणजींनी मान वर केली, नि मला कळलं आता काय येणार. आलंच. 'म्हणजे नारूचा फुगाच की.'

मी ठरवलेलं, त्यांच्याच नाकातून त्यांना उत्तर द्यायचं. नाक दाबायला हात वरही नेलेला. पण तोंड उघडलं नि जे आलं ते माझं नव्हतं, त्यांचंही नव्हतं. खालच्या पट्टीतलं, घशातलं, आणि शेवटच्या शब्दाआधी जरा थांबणारं, जणू वारा बघतंय.

'खळ सुटली नव्हती, दिवाणजी. मी फोडला. वारा गावावर... होता.'

शिंप्याची कात्री थांबली. दिवाणजींची चिमूट तळव्यावरून अर्ध्यात उचललेली, ती तिथंच राहिली. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, माझ्या मागे बघितलं. रस्त्यावर. कापडवाला हळूच म्हणाला, 'कोण बोललं रे ते?' कुणी हसलं नाही. हसण्यासाठी जन्मलेली ती टाळकी, एकही हसलं नाही. दिवाणजी उठले, जोडे घातले, तंबाखू ओट्यावरच विसरून गेले.

मी घरी आलो आणि आल्याआल्या चुलीवर खळ ठेवली. का, ते विचारू नकोस. कागद लाल आहे, पांढरा आहे, हिरवा अजून मिळालेला नाही.

तू म्हणायचास, मी नाय जमनार. जमलास नारू. तसाच्या तसा जमलास. अख्खा बाजार साक्षीला आहे. फक्त डोकं हलवून 'नाय, हा मी नाय' म्हणणारा जो एकटा होता, तो कावळ्याच्या पहिल्या घासालाच निघून गेला.

सांग ना, गाढवा. शेवटच्या शब्दाआधी मी जरा जास्तच थांबलो का?